कोटावरचा कण

त्या दिवशी मी खिडकीशी बसलेच नसते तर... पण बसले होते. नमुने स्वीकारण्याच्या खिडकीवरच्या ताईंची दाढ सुजली होती आणि बाईंनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, मला बजावलं होतं, "आज खिडकी तू सांभाळ. सही, शिक्का, पावती. गप्पा नकोत."

गप्पा मारायला होतं कोण? अकरापर्यंत माशीसुद्धा आली नाही. मग दार उघडलं आणि एक उंच माणूस आत आला. अंगात करडा लांब कोट, गळ्यात टाय, हातात सीलबंद पेटी, डोळ्यांत दोन विमानांची अपुरी झोप... आणि पायांत गुलाबी कापडी सपाता. हॉटेलच्या खोलीत मिळतात ना, तसल्या.

मी आधी पेटीचं सील बघायला हवं होतं. मी सपाता बघत बसले.

"सील वरच्या बाजूला आहे," तो म्हणाला.

"दिसलं." मी मान खाली घालून नंबर टिपायला लागले. ओठ दाताखाली घट्ट धरले होते, तरीही...

"हसा हो. विमानतळावर पोलीससुद्धा हसले."

"जोडे कुठे गेले?"

"जिथे गेलो होतो तिथेच राहिले."

"म्हणजे कुठे?"

त्यानं नुसती एक भुवई वर केली—आणि मी जीभ चावली. हा प्रश्न आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही.

आमचं कामच तसं. युरेनियम फक्त वीज बनवायला वापरतो, असं सांगणाऱ्या कारखान्यांत निरीक्षक जातात आणि कापसाच्या चौकोनी फडक्यांनी तिथली टेबलं, नळ्या, दारांच्या मुठी पुसून आणतात. त्या फडक्यांवर डोळ्यांना न दिसणारे कण असतात. एक कण आमच्या यंत्रात घातला की तो कुठल्या प्रतीचा, सांगितल्याप्रमाणे आहे की नाही, ते कळतं. माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, कण खोटं बोलत नाही. पण नमुना कुठून आला हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून पिशवीवर फक्त नंबर. ठिकाण निरीक्षकाच्या पोटात आणि बाईंच्या तिजोरीत.

"एवढं सांगायला हरकत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "बाहेर पडताना तपासणीचं यंत्र उजव्या जोड्यावर ओरडलं. त्यांनी उजवा ठेवून घेतला. एका जोड्यानं काय करू? म्हणून डावाही देऊन टाकला."

"आणि बाकी?"

"बाकी पास. कोट पास, विजार पास, मीही पास."

मी पावतीवर शिक्का मारला. जरा जोरातच. मग तोंडातून निघून गेलं, "दोन गल्ल्या पलीकडे माझ्या बाबांचं जोड्यांचं दुकान आहे. ते हातानं शिवतात. आणि... ते हसत नाहीत."

बाबा हसले नाहीत. नाकाच्या शेंड्यावरच्या चष्म्यातून त्यांनी सपाता पाहिल्या, मग माणूस पाहिला, मग मला पाहिलं. मी जेवणाच्या सुट्टीत फक्त रस्ता दाखवायला आले होते.

"जोड्यावरून माणूस कळतो," बाबा म्हणाले. "टाच बाहेरून झिजली तर उतावळा, आतून झिजली तर भित्रा. ह्यांना जोडाच नाही. काय कळायचं कपाळ?"

"बाबा—"

"बसा. सपाता काढा."

तो निमूटपणे बाकावर बसला. बाबांनी कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिलीनं कड काढली. डाव्या पायाला गुदगुल्या झाल्या आणि तो खुदकन हसला. एवढा मोठा, टाय लावलेला माणूस... माझी सुट्टी संपून दहा मिनिटं झाली होती आणि मी अजून तिथेच उभी होते.

"रविवारी सकाळी या," बाबा म्हणाले. "तोवर हे घाला." आणि त्यांनी कोणी परत नेलेच नाहीत असे जुने काळे बूट पुढे केले. दुकानातून तो बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "ठमे, सपातावाल्यांचं लग्न झालंय का?"

"मला काय माहीत?"

"मग एवढी लाल कशाला झालीस?"

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यामुळे बाबांना माझ्याकडे बघायला वेळच वेळ असतो.

रविवारी नवे बूट तयार होते. तपकिरी, साधे, बाबांच्या हातचे, म्हणजे दहा वर्षांची निश्चिंती. बाबांनी ते त्याच्या पायांत चढवले आणि हुकूम सोडला, "नदीपर्यंत चालून या. नवा बूट दुकानात कधीच लागत नाही, रस्त्यावर लागतो. ठमे, तू बरोबर जा. कुठे लागतो ते नीट बघ."

बूट कुठे लागतो हे मी कसं बघणार होते, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्यालाही नाही.

नदीवर वारा होता. पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या, आणि मी उन्हाला फसून पातळ सदऱ्यावर निघाले होते.

"थंडी वाजतेय तुम्हाला."

"छे."

"मग दात कशानं वाजतायत?"

"मी बोलतेय."

त्यानं कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला. तोच करडा कोट. त्याला साबणाचा आणि जुन्या कागदांचा वास होता, बाह्या माझ्या बोटांच्या चार अंगुळं पुढे. मी कॉलर कानांपर्यंत ओढली, केस त्यात गुंतले, आणि वारा कुठल्या कुठे गेला.

"तुमच्या कामाबद्दल मी काही विचारायचं नाही," मी म्हणाले. "माझ्या कामाबद्दल तुम्ही नाही. मग बोलायचं कशावर?"

"मांजरांवर."

"काय?"

"जाईन तिथे एक तरी मांजर असतंच. ह्या वेळी एक बोका होता, एक कान फाटलेला. पहारेकऱ्याच्या खुर्चीत झोपायचा आणि पहारेकरी उभा राहायचा. हे सांगायला चालतं. मांजरं सगळ्या देशांत असतात."

मी इतकी हसले की पुलावरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. तो मात्र पाहतच राहिला...

घराच्या पायऱ्यांशी मी कोट परत केला. म्हणजे, लगेच नाही केला. थोडा वेळ आम्ही नुसते उभे होतो. बूट कुठे लागतो हे विचारायचं राहिलं होतं. ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी माझं काम होतं स्वच्छ खोलीत. निरीक्षकांनी न्यायची कोरी फडकी तिथे पिशव्यांत भरून त्यांचे संच बांधतात. आत धुळीचा कण चालत नाही. अंगभर पांढरा पोशाख, डोक्यावर टोपडं, दोन-दोन हातमोजे. आणि दारावर एक नोंदवही. तपासणीच्या फेरीवरून आलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सामानाच्या जवळ गेला असाल तर वहीत लिहायचं, डोक्यावरून आंघोळ करायची आणि तीन दिवस आत पाऊल टाकायचं नाही.

मी वहीसमोर उभी राहिले. लिहायचं म्हणजे काय लिहायचं? 'काल नदीवर अमक्यांचा कोट पांघरला'? ती वही सगळे वाचतात. दुपारी डबा खाताना मोठ्यानं वाचतात. आणि कोट तर तपासणीत पास झाला होता...

मी वही मिटली आणि आत गेले. चाळीस संच बांधले. गुणगुणत बांधले, हेही खरं सांगायला हवं.

पुढचे दोन महिने फार सुरेख गेले. तो फेरीवर जायचा, परत यायचा, आणि दुकानाच्या बाकावर बसून मला मांजर सांगायचा. एक पांढरी मांजरी जी फक्त कुलूप लावलेल्या दारापुढे बसे. एक पिल्लू ज्यानं त्याची पेन पळवली. बाबा कातड्यात सुई ओवता ओवता ऐकायचे आणि म्हणायचे, "ठमे, ह्यांचा चहा निवला, दुसरा कर." बाईंना सांगायला हवं, हे मला रोज रात्री अंथरुणात पडल्यावर आठवायचं आणि सकाळी विसरायचं. उद्या सांगू. पुढच्या आठवड्यात सांगू. सांगण्यासारखं काही झालं की सांगू.

एका मंगळवारी माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी चहाच्या वेळी खुर्ची ओढत जवळ आला. "ऐकलंस का? त्या सपातावाल्या निरीक्षकाच्या फेऱ्या बंद केल्यात."

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. "का?"

"कोऱ्या फडक्यावर कण सापडला."

प्रत्येक संचात एक फडकं असतं ज्यानं काहीच पुसायचं नसतं. नुसतं उघडायचं आणि तसंच परत पाठवायचं. ते कोरं निघालं तरच बाकीच्यांवर विश्वास. त्याच्या शेवटच्या फेरीतलं ते फडकं कोरं निघालं नव्हतं. फेरीतले सगळे नमुने बाद. नवीन पथक पाठवायचं, त्या कारखान्यानं वर ओरडायचं की तुमचेच हात मळलेले.

"हातमोजे बदलले नसतील पठ्ठ्यानं," सहकारी म्हणाला. "आणि मजा म्हणजे कण ह्या वेळच्या जागेचा नाहीच. दोन महिन्यांपूर्वीच्या एका नमुन्याशी तंतोतंत जुळतो."

दोन महिन्यांपूर्वी. तो कण कुठून कुठे गेला असेल, ते मला तिथल्या तिथे दिसलं—कोटाची कॉलर, माझे केस, टोपड्याची कड, फडकं. असा कण कोणाला अपाय करत नाही. इतका बारीक की तपासणीचं यंत्रही त्याच्यावर ओरडत नाही. पण फडक्यावर पडला की एका माणसाची अकरा वर्षांची नोकरी पुसून टाकतो.

मी काही बोलले नसते तर कोणाला कळलं नसतं. हे मी इथे लिहिते, कारण तेव्हा ते माझ्या मनात येऊन गेलं. एक क्षणभरच, पण आलं.

मग मी उठून बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सपाता, नदी, वारा, कोट, नोंदवही. बाईंनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "हा नुसता अंदाज झाला. पुरावा?"

"त्या दिवशी बांधलेले बाकीचे संच अजून कोठारात आहेत. न उघडलेले. त्यांतल्या एका जरी फडक्यावर तसलाच कण सापडला, तर तो माझ्या हातून गेला. ते निरीक्षक सुटले."

"आणि तू अडकलीस."

"हो."

"सापडेलच असं नाही. शेकडो फडकी आहेत."

"शोधू."

शोधायचं काम अर्थात मला दिलं नाही. दुसऱ्याच टेबलावर नऊ दिवस ते चाललं. ह्या नऊ दिवसांत आम्ही दोघांनी भेटायचं नाही, फोन करायचा नाही, असा लेखी आदेश होता. बाबांनी बाकावर जोड्यांची खोकी रचून ठेवली. म्हणाले, "रिकामा बाक बघवत नाही." दहाव्या दिवशी सव्विसाव्या संचात कण सापडला. एकच. तस्साच.

इतका वाईट निकाल ऐकून माणसाला इतकं हलकं वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

चौकशीला बाई आणि एक सुरक्षा अधिकारी बसले होते. अधिकाऱ्यांना विनोदाचं वावडं असावं.

"कोट अंगावर किती वेळ होता?"

"पुलापासून घरापर्यंत. पाऊण तास."

"का दिला?"

"वारा होता."

"कोट परत करताना दोघांमधलं अंतर?"

मी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "अंदाजे... एक हात."

"कोणाचा हात? लांबी लागेल."

"त्यांचा," मी म्हणाले आणि माझे कान तापले.

"दारापाशी किती वेळ उभे होतात?"

"पाच मिनिटं."

अधिकाऱ्यांनी दुसरा कागद ओढला. "त्यांचा जबाब सकाळी झाला. सगळं जुळतंय. फक्त इथे त्यांनी बावीस मिनिटं म्हटलंय. कोणाचं बरोबर?"

"त्यांचं," मी म्हणाले. "ते... मोजण्यात चोख आहेत."

बाईंना खोकला आला. बराच वेळ आला.

निकाल लागला. माझे चाळीस संच रद्द, मला लेखी ताकीद, तीन महिने स्वच्छ खोली बंद. त्याच्या फेऱ्या पुन्हा सुरू, पण ताकीद त्यालाही. कारण कण सापडल्याचं कळलं त्याच रात्री त्याला कोटाची शंका आली होती आणि तो गप्प राहिला होता. पहिल्या जबाबात लिहून मोकळा झाला होता: 'माझ्या हातमोज्याची चूक नाकारता येत नाही.'

तो प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभा होता. नऊ दिवसांत बारीक झालेला, दाढी धड केलेली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

"तुम्ही गप्प का बसलात?"

"तुमचं नाव घ्यायचं नव्हतं."

"मला वाचवायला?"

"...हो."

"ऐका," मी म्हणाले, आणि आवाज थरथरला तो मला आवडला नाही. "आपण दोघं पोट भरतो ते एका गोष्टीवर—की सापडलं ते सांगतो. कोणाचंही असो. माझ्यासाठी तुम्ही एक कण लपवलात, तर बाकीच्या कणांवर कोणी का विश्वास ठेवायचा? आणि तुमच्यावर मी का ठेवायचा?"

त्यानं आपल्या तपकिरी बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "वहीत तुम्हीही लिहिलं नव्हतं."

"नव्हतं."

"का?"

"सगळे हसतील म्हणून." मी फाटकाच्या गजाकडे बघत राहिले. "आणि... लिहिलं असतं तर मला स्वतःलाच कळलं असतं. काय झालंय ते."

"काय झालंय?" आवाज अगदी हळू.

"मला भूक लागलीय," मी म्हणाले. "दुकानात चला. बाबांनी नऊ दिवस कोणाला चहा पाजलेला नाही."

पण निघण्याआधी बाईंनी मला परत बोलावलं आणि एक छापील अर्ज हातात ठेवला. "हे दोन महिन्यांपूर्वी द्यायला हवं होतंस. निरीक्षक आणि तपासनीस यांची खासगी ओळख असेल तर जाहीर करायची. म्हणजे ह्यांचे नमुने मी दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवीन. कोणाला काम सोडायला लागणार नाही. दोघांच्या सह्या हव्यात. एकही रकाना रिकामा ठेवू नका."

दुकानात बाबांनी बाकावरची खोकी उतरवली आणि स्टोव्ह पेटवला. मग ते एका टाचेला खिळे ठोकायला बसले. आम्ही अर्ज गुडघ्यांवर ठेवला. नाव, पद, ओळख झाल्याची तारीख... सगळं भरत गेलो. चौथ्या रकान्यापाशी माझी पेन थांबली. तिथे छापलं होतं: नातं.

तो वाकून वाचू लागला. "पर्याय दिलेले नाहीत?"

"रिकामी ओळ आहे."

"परिचित?"

"परिचित बावीस मिनिटं दारापाशी उभे राहत नाहीत."

"स्नेही?"

"स्नेही म्हणजे बाबांबरोबर पत्ते खेळतात ते. सगळे सत्तरीचे."

"मग तुम्हीच सांगा. मी सही करीन."

"वाचल्याशिवाय?"

"हो."

"असं करायचं नसतं. आत्ताच ताकीद मिळालीय."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाबा मान वर न करता म्हणाले, "ठमे, पेन उघडी ठेवली की शाई वाळते."

मी लिहिलं. दोनच शब्द. अक्षर जरा वाकडं आलं, पण वाचता येत होतं. मग कागद त्याच्याकडे सरकवला आणि स्टोव्हकडे बघत बसले, जणू चहा उतू जाणारच होता.

तो वाचत होता. दोन शब्द वाचायला एवढा वेळ? ...मी चोरून पाहिलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"'होणारा नवरा'," त्यानं वाचलं. मग परत एकदा, स्वतःशीच. "हे आधी मला विचारायचं असतं ना?"

"विचारतेय. खाली सहीला जागा आहे. चुकीचं असेल तर खोडा."

खिळे ठोकायचा आवाज थांबला होता.

त्यानं पेन घेतली. खोडलं नाही. घाईघाईत, कोणी कागद काढून घेईल अशा धास्तीनं, झरकन सही केली आणि पेन मला परत द्यायला लागला.

"नुसती सही बाई चालवून घेत नाहीत," मी म्हणाले. "नाव पूर्ण लिही."

लिही, म्हणाले मी. त्याला ऐकू आलं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग कागद पुन्हा गुडघ्यावर घेतला आणि शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरांत, एकेक काना-मात्रा सावकाश देत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.